ऑनलाइन शाळा वर्ग घेईल, वही कोण तपासणार?

गुहागर तालुक्यात राहायला येणाऱ्या एका आईने विचारलं आहे: "आम्ही डोंबिवली सोडून सासरच्या गावी येतोय. मिस्टर आयटीत आहेत, घरूनच काम करतील. मी आवारातल्या दोन खोल्यांत होमस्टे चालवणार. मुलगा सीबीएसईच्या सहावीत, मुलगी पहिलीत. इंग्रजी माध्यमाची चांगली शाळा गाडीने पाऊण तासावर आहे. गावात जिल्हा परिषदेची शाळा आहे, पट पंधराच्या आसपास. एका ऑनलाइन शाळेने रोज चार तास लाइव्ह वर्ग, स्वतःचा अभ्यासक्रम आणि वर्षाची फी पाऊण लाख असं सांगितलंय. दोघांना तिथे घालावं का? आणि ती आपल्या मुलांना लागू पडतेय की नाही हे ओळखायचं कसं?"

ताई, आधी उत्तर सांगते, कारणं मागून. मुलीला अजिबात नको. मुलाला पूर्ण वेळ नको. एक-दोन विषयांपुरती चालेल, तीही आधी पारखून. मी रत्नागिरी जिल्ह्यात शिक्षिका आणि पुढे केंद्रप्रमुख म्हणून काम केलं. निवृत्तीनंतर शाळा बदलणाऱ्या आणि शाळा सुटलेल्या मुलांच्या आईवडिलांशी बोलण्यातच दिवस जातो. २०२० नंतर मुंबई-पुणे सोडून गावच्या घरात आलेली तुमच्यासारखी कुटुंबं बरीच वाढली आणि हा प्रश्न त्यांच्याबरोबर आला.

ऑनलाइन म्हटलं की सगळ्यांना लॉकडाऊन आठवतो. कुणी म्हणतं, तेव्हा पोरं बिघडली. कुणी म्हणतं, आमचा तर तेव्हा छान शिकला. दोन्ही आठवणी बाजूला ठेवा. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि ३ जूनला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर आदळलं. दापोली-मंडणगडातल्या कितीतरी वाड्यांत नंतर आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. कणकवली तालुक्यातल्या एका विद्यार्थिनीला रेंजसाठी डोंगरावर झोपडी बांधून पावसात अभ्यास करावा लागला, ती बातमी देशभर गेली. सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' लागायचं तेव्हा टीव्ही असलेल्या घरात अख्ख्या वाडीची पोरं जमायची. ती सगळी आणीबाणीची सोय होती. तुम्ही विचारताय ती ठरवून, पैसे मोजून घेतलेली शाळा आहे. तिचा निवाडा वेगळ्या पुराव्यावर करायला हवा.

तो पुरावा आपल्याकडे थोडा आणि अमेरिकेत भरपूर आहे, कारण तिकडे अशा शाळा जुन्या आहेत. फ्लोरिडा राज्याची व्हर्च्युअल शाळा १९९७ मध्ये सुरू झाली. २०१५ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या क्रेडो या संशोधन केंद्राने पूर्ण वेळ ऑनलाइन चार्टर शाळांतल्या (सरकारी पैशावर पण स्वतंत्रपणे चालणाऱ्या शाळांतल्या) मुलांची तुलना साध्या शाळांतल्या तशाच मुलांशी केली. वाचनात ऑनलाइन मुलं वर्षाला ७२ दिवसांच्या शिकण्याइतकी मागे पडलेली दिसली आणि गणितात १८० दिवसांइतकी. तिथलं शालेय वर्षच १८० दिवसांचं धरलं होतं. म्हणजे गणितापुरतं वर्षभर शाळेत न गेल्यासारखंच झालं. त्याच अभ्यासमालेत मॅथेमॅटिका या संस्थेने तास मोजले. ऑनलाइन शाळेतल्या मुलाला आठवडाभरात शिक्षकाचा प्रत्यक्ष संवादी वेळ मिळत होता तो साध्या शाळेतल्या मुलाला एका दिवसात मिळतो, आणि मुलाला कामाला लावून ठेवण्याची जबाबदारी या शाळा मोठ्या प्रमाणात पालकांवर टाकत होत्या.

हे आकडे तिकडचे आहेत, जसेच्या तसे आपल्याला लावू नका. तुमची शाळा रोज चार तास लाइव्ह म्हणते, ते खरं असेल तर पुष्कळ बरं. पण मुलं मागे का पडली ते कारण इथेही लागू आहे. वर्गात शिक्षक शिकवतो, आणि त्याहून जास्त वेळ तो नुसता फिरत असतो. कोण पेन्सिल चावतंय, कुणाचं पान उलटायचं राहिलंय, कुणी शेजाऱ्याचं उत्तर उतरवलंय ते बघत असतो. हे फिरणं पडद्यावरून होत नाही. ते काम कुणीतरी घरात करावं लागतं. ऑनलाइन शाळा घेणं म्हणजे अर्धा शिक्षक पगारावर ठेवणं आणि उरलेला अर्धा स्वतः होणं.

म्हणून शाळेची माहितीपत्रकं बाजूला ठेवून तुमच्या घराचा दिवस बघा. सकाळी नऊ ते एक मुलाशेजारी कोण असेल? मिस्टर घरून काम करतात म्हणजे घरी असतात, मोकळे नसतात. कंपनीची मीटिंग आणि मुलाचा गणिताचा तास एकाच वेळी येणार आणि दर वेळी मीटिंग जिंकणार. त्यात त्यांचा दोष नाही, पगार तिथून येतो. तुमचं काम तर वेळापत्रकाला विचारतच नाही. मे महिना, दिवाळी, नाताळ, सलग आलेल्या सुट्ट्या, तुमचा हंगाम हाच. पाहुणे अकराला येतात, जेवणाला बांगडा आहे की सुरमई ते विचारतात, गरम पाणी येत नाही म्हणून हाक मारतात. त्या वेळी मुलगा आत अपूर्णांकात अडकलेला असेल तर तो तुम्हाला सांगणार नाही. दुसरी टॅब उघडेल. सातवीत जाणाऱ्या मुलाला ही कला कुणी शिकवावी लागत नाही.

घरात आजी-आजोबा असतील तर ते सोबत म्हणून फार चांगले, पण पडद्यासमोर मूल बसलंय म्हणजे शिकतंय असं त्यांना वाटतं. आपल्याला तरी कुठे वेगळं वाटतं!

आता मुलीबद्दल. ती दुसरीत जाईल. या वयात मूल वाचायला शिकत असतं, म्हणजे ओळीखाली बोट फिरवणं, जोडाक्षराशी अडखळणं, पुन्हा मागे येणं. शिक्षकाचा कान तिच्या तोंडापाशी आणि डोळा तिच्या बोटावर लागतो. ५ जुलै २०२१ ला केंद्र सरकारने निपुण भारत सुरू केलं ते याच वयासाठी, तिसरीपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं आणि साधं गणित यावं म्हणून. जुलै २०२० मध्ये, ऐन लॉकडाऊनमध्ये, तेव्हाच्या केंद्रीय मनुष्यबळ विकास मंत्रालयाने 'प्रज्ञाता' नावाच्या मार्गदर्शक सूचना काढल्या होत्या. दुसरा कुठलाच मार्ग नव्हता तेव्हाही पहिली ते आठवीला दिवसाला ३० ते ४५ मिनिटांची दोनच सत्रं त्यांनी सुचवली, नववी ते बारावीला चार. तुमची शाळा दुसरीच्या पोरीला चार तास बसवू म्हणते. का बसवावं, हे त्यांना विचारा. मी तरी विचारणार नाही, मी तिला सरळ गावच्या शाळेत पाठवीन.

गावच्या शाळेचा पट पंधरा म्हटल्यावर शहरातून आलेल्या माणसाचा चेहरा पडतो, ते मी पुष्कळदा बघितलंय. डोंबिवलीत एका तुकडीत किती मुलं होती ते आठवा. इथे अख्ख्या शाळेत मिळून पंधरा मुलं. अडचणी आहेत. दोन-तीन इयत्ता एका खोलीत बसतात, शिक्षकाला शाळाबाह्य कामं असतात, बदली होऊन गेलेल्याच्या जागी लवकर कुणी येत नाही. पण चांगला शिक्षक असेल तर दुसरीची मुलगी चौथीच्या कविता कानावर पडून पाठ करते. कमी पटाच्या शाळांचं पुढे काय, ही टांगती तलवारही आहेच. १५ मार्च २०२४ चा संचमान्यतेचा शासन निर्णय आल्यापासून किती मुलांवर किती शिक्षक याची चर्चा प्रत्येक शाळेत चालते. म्हणून तुमची दोन मुलं येणार कळल्यावर मुख्याध्यापक तुमचं स्वागत अंमळ जास्तच करतील. त्यांच्या बोलण्यातलं थोडं कौतुक वजा करा आणि अर्धा दिवस मागच्या बाकावर बसून वर्ग बघा. भिंतीवरचे तक्ते आणि रंगकाम बघू नका. तिसरी-चौथीच्या मुलांच्या वह्या मागा. त्यात लाल शाई आहे का, आणि लाल शाईनंतर मुलाने पुन्हा लिहिलंय का, एवढंच बघा. शाळा सातवीपर्यंत आहे की पाचवीपर्यंत हेही विचारा, कारण मुलाचं गणित त्यावर आहे. पाचवीपर्यंतच असेल तर जवळच्या गावातलं हायस्कूल बघा. बऱ्याच हायस्कुलांत सेमी इंग्रजी आहे, म्हणजे गणित-विज्ञान इंग्रजीतून.

शाळा साधी, मग पुढे निभाव लागेल का, अशी तुमची धास्ती असणार. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे दोनच जिल्हे असलेलं कोकण विभागीय मंडळ दहावीच्या निकालात स्थापनेपासून राज्यात पहिलं येतंय. २०२४ चा निकाल ९९.०१ टक्के होता. उत्तीर्ण होणं म्हणजे येणं नव्हे, हे मला चांगलं ठाऊक आहे. मी पेपर तपासलेत. पण ही मुलं याच वाड्यांतल्या, याच एसटीने येणाऱ्या शाळांतली आहेत एवढं लक्षात असू द्या.

मुलाच्या बाबतीत सगळ्यात आधी कागद बघा, कारण अभ्यास मागून भरून काढता येतो, कागद येत नाहीत. ऑनलाइन शाळेला पहिला प्रश्न: दहावीची परीक्षा माझा मुलगा कुठल्या मंडळाची देणार आणि कुणाच्या नावावर देणार? 'स्वतःचा अभ्यासक्रम' हे उत्तर नाही. सीबीएसईची संलग्नता जमीन-इमारत असलेल्या शाळेला मिळते. त्यामुळे बहुतेक ऑनलाइन शाळा दहावीला मुलांना राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून, म्हणजे एनआयओएसमधून, किंवा एखाद्या परदेशी मंडळातून बसवतात. एनआयओएस ही सरकारी संस्था आहे, १९८९ पासूनची. तिचं दहावी-बारावीचं प्रमाणपत्र इतर मंडळांच्या बरोबरीचं आहे. परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. दहावीसाठी वय किमान १४. नोंदणी पाच वर्षं चालते, विषय सुटे सुटे सोडवता येतात, मराठी माध्यमही आहे. तिने २०२१ मध्ये स्वतःची व्हर्च्युअल शाळाही सुरू केली. म्हणजे एनआयओएसच हवी असेल तर थेट तिच्याकडेच नोंदणी करता येते. मध्ये पाऊण लाख कशाचे, हा प्रश्न ऑनलाइन शाळेने सोडवायचा. राज्य मंडळाचा १७ नंबरचा फॉर्म भरून खाजगीरीत्या दहावीला बसण्याचा रस्ताही आहे, आणि त्याला शाळा सोडल्याचा दाखला लागतो.

दाखल्यावरून आठवलं. महाराष्ट्रात शाळेचा दाखला हा फक्त शिक्षणाचा कागद नाही. त्यावर जन्मठिकाण, जात, आधीची शाळा असते. जातीचा दाखला काढताना, पुढे जात पडताळणीत, तहसील कचेरीत पहिली मागणी शाळेच्या दाखल्याची किंवा प्रवेश-निर्गम उताऱ्याची होते. मान्यता नसलेल्या ऑनलाइन शाळेचं रंगीत प्रमाणपत्र तिथल्या टेबलावर उपयोगाचं नाही. डोंबिवलीच्या शाळेतून दाखला घ्याल तेव्हा नावाचं स्पेलिंग, जन्मतारीख, जातीची नोंद उभ्या उभ्या तपासा आणि दोन-चार झेरॉक्स काढून ठेवा.

मान्यताप्राप्त शाळेचं नाव सुटलं की आणखी काही दारं बंद होतात, ती पालकांना नंतर कळतात. राजापूर तालुक्यात पडवे इथे आपल्या जिल्ह्याचं जवाहर नवोदय विद्यालय आहे. तिथे नववीला काही जागांसाठी परीक्षा होते, आणि त्याच जिल्ह्यातल्या मान्यताप्राप्त शाळेत आठवी शिकणारं मूलच त्याला बसू शकतं. आठवीतली राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती, निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये, ही सरकारी, स्थानिक संस्थांच्या आणि अनुदानित शाळांतल्या मुलांसाठी आहे. तुमच्या घरच्या पगारात ती बहुधा बसणार नाही, पण हे वाचणाऱ्या इतरांसाठी सांगते. तालुका-जिल्हा पातळीच्या शालेय क्रीडा स्पर्धांत खेळायला शाळा लागते. चित्रकलेची एलिमेंटरी-इंटरमिजिएट मुलं शाळेमार्फतच देतात. खेळ आणि चित्रकला या दोन्हींचे राज्य मंडळाच्या दहावीला वाढीव गुण मिळतात. आणि मुलाने पुढे डॉक्टर व्हायचं ठरवलं, तर राज्याच्या कोट्यासाठी दहावी-बारावी महाराष्ट्रातून केलेली असण्याची अट आहे. तेव्हा परदेशी मंडळाचं नाव ऐकून हुरळण्याआधी त्या वर्षीचं प्रवेशाचं माहितीपत्रक वाचा.

धीर देणारी गोष्टही आहे. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, १ एप्रिल २०१० पासून लागू. सहा ते चौदा वयाच्या मुलाला वयानुसार इयत्तेत प्रवेश मिळण्याचा हक्क त्यात आहे, आणि दाखला यायला उशीर झाला या कारणावरून प्रवेश अडवता येत नाही. म्हणजे आठवीपर्यंत ऑनलाइनचा प्रयोग फसला तर परत यायला वाट आहे. नववीपासून ती अरुंद होते, कारण मंडळाच्या नोंदण्या तिथून सुरू होतात. मुलगा सातवीत जातोय. प्रयोग करायचाच असेल तर हाताशी दोनच वर्षं आहेत, आणि ती पुरेशी आहेत.

पारखायचं कसं, तर इथे तुम्हाला एक आयता फायदा आहे. सीबीएसईचं वर्ष मार्चअखेर संपतं आणि आपल्याकडच्या शाळा जूनच्या मध्याला उघडतात. मधले दहा-अकरा आठवडे तुमचे आहेत. ऑनलाइन शाळेची वर्षाची फी भरू नका. दीड महिन्याची किंवा एका विषयाची मागा, गणिताची. देत नसतील तर तीही माहितीच आहे.

सुरू करायच्या आदल्या दिवशी घरीच एक साधी चाचणी घ्या. मुलाने कधी न वाचलेलं एक पान मराठीचं आणि एक इंग्रजीचं मोठ्याने वाचू द्या, मोबाइलवर रेकॉर्ड करा. वाचलेलं काय होतं ते दहा ओळींत लिहू द्या. अपूर्णांक, परिमिती, क्षेत्रफळ यांची आठ-दहा उदाहरणं त्याच्या सहावीच्या पुस्तकातून घाला, तोंडी नको, कागदावर. कागदावर तारीख टाका आणि कपाटात ठेवा. चुका सांगत बसू नका. सहा आठवड्यांनी त्याच पातळीची पण नवी चाचणी घ्या आणि दोन कागद शेजारी ठेवून बघा. ऑनलाइन शाळेच्या ॲपमधले तारे, बॅज, शंभरपैकी शंभर हे सगळं बाजूला ठेवा. चार पर्यायांतून बोट लावणं आणि कोऱ्या कागदावर उदाहरण उतरवणं यात किती फरक आहे ते कुठल्याही गणिताच्या शिक्षकाला विचारा.

मधल्या सहा आठवड्यांत काही गोष्टींवर नजर ठेवा. पहिल्या आठवड्यात सगळं छानच असतं, ते धरू नका. तिसऱ्या आठवड्यापासून बघा. वर्गाच्या वेळी शेजारच्या खोलीत बसून ऐका: तासाभरात शिक्षकांनी तुमच्या मुलाचं नाव किती वेळा घेतलं? एकदाही नाही असे तास जास्त असतील तर तो वर्ग नाही, प्रक्षेपण आहे, आणि प्रक्षेपण फुकट मिळतं. बालभारतीच्या पुस्तकांवरचा क्यूआर कोड मोबाइलने टिपला की दीक्षा ॲपवर त्या पाठाचं साहित्य उघडतं, पुस्तकांच्या पीडीएफही संकेतस्थळावर मोफत आहेत. दुसरं, तास संपल्यावर संगणक बंद करून मुलगा काय करतो? आज काय झालं ते आजीला, जिला बीजगणिताशी देणंघेणं नाही, तिला समजेल असं सांगतो का? न सांगता वही उघडतो का, की तुम्ही तीनदा सांगावं लागतं? तिसरं, वही. मला तरी सगळ्यात महत्त्वाची तीच वाटते. लिहिलेलं काम फोटो काढून पाठवलं, तर ते तपासून किती दिवसांनी येतं, आणि त्यात चूक कुठे झाली हे लिहिलेलं असतं की नुसतं 'खूप छान'? 'खूप छान' हे तपासणं नव्हे.

चौथं म्हणजे तुम्ही. हे सहा आठवडे एप्रिल-मेमध्ये येतात, तुमचा होमस्टे तेव्हा भरलेला असणार. ते चांगलंच आहे. गर्दीच्या दिवसांत तुम्ही दोघं मिळून मुलाकडे किती बघू शकता ते तेव्हाच कळेल. रात्री दहाला दोघं दमून एकमेकांना "आज त्याचं बघितलंस का?" विचारायला लागलात, की उत्तर मिळालं म्हणायचं.

उन्हाळ्यात एका गोष्टीची परीक्षा मात्र होत नाही, ती पावसाची. मे महिन्यात डेमो वर्ग सुरेख चालतो. जुलैत फांदी तारेवर पडते, लाईट जाते, इन्व्हर्टर चार तास ओढतो आणि मग तोही मान टाकतो. फायबरची केबल खांबांवरूनच आलेली असते. ती तुटली की जोडायला माणूस कधी येईल ते त्यालाही सांगता येत नाही. मोबाइलची रेंज वाडी खोलात असेल तर एकाच कंपनीची येते, तीही पडवीच्या एका कोपऱ्यात. व्हिडिओच्या वर्गाला तासाला साधारण एक जीबी डेटा धरा, त्यात मिस्टरांचं काम त्याच लाइनवर. शेजाऱ्यांना विचारा की गेल्या पावसात किती दिवस नेट नव्हतं, आणि ऑनलाइन शाळेला विचारा की सलग चार दिवस मूल आलं नाही तर काय करता. "रेकॉर्डिंग बघा" हे उत्तर सातवीच्या मुलाच्या बाबतीत कागदावरच राहतं. मे अखेर आणि ऑक्टोबरात वीज कडाडायला लागली की राउटरची पिन काढून ठेवा, नाहीतर राउटर तरी जातो नाहीतर लॅपटॉप. आणखी एक. बाहेरच्या राज्यातल्या शाळेच्या वेळापत्रकात गणपती आणि शिमगा नसतो. आपल्याकडच्या शाळांना गणपतीची सुट्टी असते. घरात गौरी-गणपती, मुंबईहून चाकरमानी आलेले, आणि मुलाची युनिट टेस्ट, हे चित्र आत्ताच डोळ्यांसमोर आणा.

मुलाच्या सोबतीचा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण मला तोच मोठा वाटतो. तो डोंबिवलीचे मित्र सोडून येतोय. गावात त्याला ओळखणारी माणसं आहेत, पण ती सगळी वडिलांचे चुलते आणि मावश्या. त्याच्या वयाची पोरं दिवसभर शाळेत असतात आणि संध्याकाळी शाळेतल्या पोरांबरोबरच खेळतात. त्या टोळीत शिरायला शाळा हाच रस्ता आहे. सहा महिने तो घरात बसला तर डोंबिवलीच्या मित्रांशी मोबाइलवर खेळत राहील आणि गावात पाहुणाच राहील.

ऑनलाइन शाळा कुणालाच लागू पडत नाही असं मात्र मी म्हणणार नाही. रक्ताच्या आजारामुळे वरचेवर मुंबईला जावं लागणारी एक मुलगी मी बघितली. तिचं शिक्षण ऑनलाइन वर्गांनीच चालू राहिलं. तिची आई घरीच असायची आणि स्वतः बारावी सायन्स होती, हेही त्यात आलं. दहावी नापास होऊन होडीवर जाणारी मुलं एनआयओएसमधून सुटतात. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते तेव्हा त्यांचा अभ्यास होतो आणि ऑक्टोबरची परीक्षा देता येते. पंधरा-सोळा वर्षांचं मूल, ज्याला कशासाठी शिकतोय ते पक्कं माहीत आहे, ते पडद्यावरूनही शिकतं. शाळेत छळ होऊन मिटून गेलेल्या मुलाला काही महिने श्वास घ्यायला ती उपयोगी पडते. वाचन-लेखनात अडचण असणाऱ्या काही मुलांना तिची गती मानवते, काहींना अजिबात नाही. अशा मुलाचं आधी तज्ज्ञाकडून निदान करून घ्यावं.

तुमच्या मुलाचं यातलं काही नाही. त्याची खरी गरज इंग्रजी टिकण्याची आणि गणित पुढे सरकण्याची आहे, आणि तेवढं ऑनलाइन चांगलं होऊ शकतं. फ्लोरिडाच्या त्या शाळेतही कितीतरी मुलं आपली नेहमीची शाळा न सोडता एखाद-दुसराच विषय घेतात. जूनमध्ये मुलाचं नाव गावच्या शाळेत किंवा हायस्कुलात घाला. संध्याकाळी आठवड्यातून तीन दिवस एक तास, चार-सहा मुलांच्या गटात, वही तपासून देणारा शिक्षक मिळाला तर ऑनलाइन घ्या. पाऊण लाखाच्या मानाने ते फार स्वस्तात पडेल. दिवाळीच्या सुट्टीत कपाटातला कागद काढा, तिसरी चाचणी घ्या. गावच्या शाळेत तो मागे पडतोय असं दिसलं, तर गाडीने पाऊण तासाच्या त्या इंग्रजी शाळेचा विचार तेव्हा करा आणि तिची बस पावसात नेमकी कुठपर्यंत येते तेही विचारा. साकवावरून पाणी गेलं की बस अलीकडे थांबते आणि पुढचं चालणं मुलांच्या वाट्याला येतं.

एवढं वाचूनही ऑनलाइनच घ्यायची ठरलीत, तर सही करण्याआधी पैसे परत मिळण्याचं कलम शोधा. "पंधरा दिवसांत रद्द केल्यास" असं असेल तर पंधरा दिवस कधीपासून, फी भरल्यापासून की पहिल्या तासापासून, ते ईमेलवर लिहून घ्या. फोनवरची बाई फार गोड बोलते, पण तिचं काम ॲडमिशन करून देणं आहे, शिकवणं नाही. शिकवणाऱ्या शिक्षकांशी दहा मिनिटं बोलायला मागा. शाळेत अजून असलेल्यांचे नंबर ते आनंदाने देतील. शाळा सोडून गेलेल्या एका मुलाच्या पालकांचा नंबर मागा. आणि फीसाठी हप्त्यांची सोय करून देतो म्हणाले तर कागद नीट वाचा. अनेकदा ते कुठल्यातरी फायनान्स कंपनीचं कर्ज असतं, तुमच्या नावावर, आणि मुलाने शाळा सोडली तरी हप्ते चालू राहतात.